मी दिलेला डावा कौल

आज मला खोकला नाही, ताप नाही, आणि वजन आजारापूर्वी होतं त्याहून चार किलो जास्त आहे. अशा माणसानं हात जोडून लिहावं अशी रीत आहे. गावातल्या दोघातिघांनी मला तसं सुचवलंही. देवीआईनं मास्तरला राखलं, एवढं एक वाक्य कुठंतरी घाला, बाकी काय लिहायचं ते लिहा, असं म्हणाले.

ते वाक्य मी घालणार नाही. मला सुयांनी राखलं, गोळ्यांनी राखलं आणि बायकोच्या चिकाटीनं राखलं. ज्याला हा क्षय आत्ता झाला आहे आणि ज्याच्या घरात कुणीतरी "आधी कौल लावून बघू" म्हणतंय, त्याच्यासाठी मी हे लिहितो आहे. वीस वर्षं देवीचा कौल लावलेला माणूस बोलतो आहे, म्हणून तरी ऐका. औषधाचं डॉक्टर सांगतील. मी सांगणार आहे ते डॉक्टरला माहीत नसतं.

कौल

आमचं गाव मेढ्याच्या वर, डोंगराच्या पोटाला. नाव लिहीत नाही. गावच्या देवीची पूजा आमच्या घराकडं. मी प्राथमिक शाळेत मास्तर, पण पहाटे आंघोळ करून आधी देवळात आणि मग शाळेत, असा माझा क्रम होता. मंगळवारी आणि शुक्रवारी लोक कौल विचारायला यायचे.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. फुलाच्या दोन पाकळ्या पाण्यात भिजवायच्या. एक देवीच्या उजव्या खांद्याला चिकटवायची, एक डाव्या. मग गाऱ्हाणं घालायचं. उजवी आधी पडली तर देवी हो म्हणते, डावी पडली तर नाही. पेरणी कधी धरू, पोरगी या घरी देऊ का, हरवलेली म्हैस कुठल्या अंगाला शोधू, सगळं तिथंच ठरायचं.

पाकळीच्या पाठीला भरपूर पाणी लावून अंगठ्यानं दाबली की ती घटकाभर हलत नाही. नुसती टेकवली की चार श्वासांत सुटते. हे मला कुणी शिकवलं नाही, वडिलांनीही नाही. हाताला कळत गेलं. समोरच्या माणसाला काय हिताचं आहे ते मला मनातून वाटायचं आणि अंगठा तसा पडायचा. मी स्वतःला लबाड समजत नव्हतो. आईच माझ्या अंगठ्यातून बोलते, असं मी धरून चाललो होतो. माझा विश्वास खोटा होता असंही नाही. फक्त तो मी अशा जागी ठेवला होता, की तिथं दिवा न्यायची वेळ येऊ नये.

किसन

किसन माझा धाकटा भाऊ. दुष्काळ सरला त्या साली त्याचा खोकला सुरू झाला. पावसाळा गेला, दिवाळी गेली, खोकला राहिला. अंगावरचा सदरा ढगळ व्हायला लागला. मेढ्याच्या डॉक्टरनं छातीचा फोटो काढायला सांगितलं. माझा मेहुणा माधवनगरच्या गिरणीत कामाला होता. त्यानं सांगलीजवळच्या क्षयाच्या रुग्णालयात ओळख काढून ठेवली आणि कधीही घेऊन या म्हणून कार्ड टाकलं.

किसन म्हणाला, "दादा, आई काय म्हनंल तसं करू."

माघातला मंगळवार होता. किसन खांबाला टेकून बसला होता. त्याची बायको हौसा दाराच्या कडेला, डोक्यावरचा पदर पुढं ओढून उभी. मी थोरला दीर. माझ्या समोर ती सहसा उभी राहत नसे आणि तोंडावर बोलत तर नसेच. त्या दिवशी आली होती.

त्याच आठवड्यात शिरवळहून माझ्या मुलीला, शालनला, पाहून गेले होते. मुलगा कारखान्यात होता. बोलणी जवळजवळ पक्की झाली होती, वैशाखातला मुहूर्त काढायचा होता. घरात क्षय आहे असं कळलं असतं तर ती मंडळी पुन्हा आमच्या उंबऱ्याला आली नसती.

मी उजवी पाकळी पुष्कळ पाणी लावून दाबली. डावी नुसती टेकवली. हे मी नकळत केलं नाही. तेवढ्या एका वेळी अंगठ्यातून आई बोलत नव्हती, आणि ते मला माहीत होतं.

डावी पडली. मी म्हणालो, आई इतक्यात सांगली नको म्हणते. चैत्राची जत्रा होऊ दे, वैशाख जाऊ दे, मग बघू. किसनचा चेहरा एकदम सैल झाला. त्यालाही जायचं भय होतंच. बरं झालं, म्हणाला. पोरीचं लगीन तरी बघायला मिळंल.

लग्नात तो मांडवात बसला नाही. मागच्या बाजूला, जिथं चुलवणं पेटली होती, तिथं तोंडाला टॉवेल लावून बसून राहिला, खोकल्याचा आवाज पाहुण्यांना जाऊ नये म्हणून. त्याला तसं मी सांगितलं नव्हतं. त्याचं त्यालाच समजलं होतं.

आषाढात तो गेला. शेवटचे दोन महिने आम्ही दोघं एकाच खोलीत निजत होतो. त्याला उठवून बसवायला माणूस लागायचं, ते मी करायचो. एवढंच एक मी त्याच्यासाठी केलं, आणि आजार मला तिथूनच मिळाला.

फोटो

मला खोकला लागला तेव्हा सगळे खडूच्या धुळीला दोष द्यायचे. मीही द्यायचो. एक दिवस फळ्यावर भागाकार लिहिता लिहिता जोराची ढास आली. हातरुमाल पाहिला तर लाल. मी रुमाल खिशात घातला, भागाकार पुरा केला आणि शाळा सुटल्याची घंटा द्यायला सांगितली.

बायको म्हणाली, चुलतभावाला बसवू कौलाला, त्याचाही हक्क आहे. मी नको म्हणालो. का, म्हणून तिनं तीन वेळा विचारलं. मी पिशवी भरली. माझ्या आयुष्यातलं देवीला न विचारता केलेलं ते पहिलं काम.

सांगलीला मेहुणा बरोबर होता. डॉक्टरांनी फोटो खिडकीशी धरला आणि उजव्या छातीतला पांढुरका डाग बोटानं दाखवला. भिऊ नका, बरा होतो, पण दीड वर्ष औषध सोडायचं नाही, असं म्हणाले. मग कागदावर लिहिता लिहिता विचारलं, घरात आधी कुणाला होता का?

मी म्हणालो, "नाही."

मेहुण्यानं माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. डॉक्टरांनी 'नाही' लिहिलं. आता तुम्हाला सांगतो, तुम्ही पहिल्या दिवशी काहीही चुकलात तरी चालेल, पण या एका प्रश्नाला खरं उत्तर द्या. मी हो म्हणालो असतो तर त्याच आठवड्यात घरातल्या सगळ्यांना तपासायला बोलावलं असतं. हौसालाही.

वॉर्डातले दिवस

सकाळी साडेपाचला काखेत थर्मामीटर. मग सुई, एक दिवस उजव्या ढुंगणावर, एक दिवस डाव्या. महिन्याभरानं बसायला जागा राहत नाही. कानात सतत रातकिडे ओरडतात. जेवणानंतरच्या मोठाल्या गोळ्या गिळताना अन्न वर येतं. प्रत्येकाला थुंकायला झाकणाचा डबा, आणि दुसऱ्याच्या डब्याकडं पाहायचं नाही असा अलिखित नियम. दुपारी दोन ते चार सक्तीनं पडून राहायचं. त्या दोन तासांत माणूस फार वाईट विचार करतो. तेव्हा काही वाचा, काही मोजा, पण छताकडं बघत पडू नका.

चांगल्या गोष्टीही होत्या. मेहुणा पाळी संपली की सायकलवरून डबा आणायचा आणि स्वतः माझ्याच ताटलीतला भाकरीचा तुकडा मोडून खायचा, आपल्याला घाण वाटत नाही हे दाखवायला. मी ओरडायचो. तो खायचाच. सकाळचं ऊन व्हरांड्यात यायचं, तिथं आम्हाला बसू द्यायचे.

व्हरांड्यात माझ्या दोन्ही बाजूंना दोन माणसं असायची. एक वाईचे नाना, कोर्टात कारकुनी करून निवृत्त झालेले, पोथी वाचल्याशिवाय दूधही न घेणारे. दुसरा तासगावकडचा हवालदार, फौजेतून सुटून ऊस लावलेला. हवालदार उशाशी देवाचा फोटो ठेवायचा आणि गोळी घेताना त्याला सलाम ठोकायचा.

नानांचं म्हणणं, रोग हा प्रारब्धाचा भोग आहे. औषध निमित्त. ज्याचा भोग सरला तो उठतो, ज्याचा सरला नाही तो जातो. त्यात कुणाचा दोष नाही.

हवालदार म्हणायचा, "मग नाना, दुश्मनाची गोळी लागून माझा जोडीदार मेला, तवा त्या दुश्मनाला कशाला शिव्या घालू? बिचाऱ्यानं भोग सरवला म्हनायचा."

नाना रागवत नसत. हसून म्हणत, तुला शिव्या घालण्याचाही भोग आहे, घाल.

 नानांचं ते बोलणं मला पहिल्या महिन्यात फार गोड लागलं. रात्रीपर्यंत मी ते जिभेवर घोळवायचो. किसनचा भोग होता. पाकळी निमित्त. माझा अंगठा निमित्त. मी त्यातून सुटतो, शालनचं लग्न सुटतं, सगळंच धुऊन निघतं.

आणि मग एका दुपारी, त्या पडून राहायच्या वेळात, मला माझीच शरम वाटली. हा सिद्धान्त खरा आहे म्हणून मला पटत नव्हता. मला त्यातून सुटता येत होतं म्हणून पटत होता. मी उजवी पाकळी दाबली होती तीसुद्धा अशाच सोयीसाठी. तेव्हाच ठरवलं, ज्या विश्वासानं माझी सोय होते, त्याला मी आधी उन्हात नेऊन उलटासुलटा करून बघणार.

उलट बाजूचाही एक विश्वास होता, तोही तसाच तपासला. आईनंच मला शिक्षा केली, भावाचा रोग मला दिला, असं मानलं असतं तर मला पुष्कळ बरं वाटलं असतं. शिक्षा भोगली की माणूस मोकळा होतो. पण मला रोग झाला तो खोकणाऱ्या माणसाच्या शेजारी दोन महिने निजल्यामुळं. माझ्याऐवजी एखादा पुण्यवान तिथं निजला असता तर त्यालाही झाला असता. मला शिक्षा कुणी केलेली नाही. म्हणून फिटलेलंही काही नाही.

नानांना मी एकदाच विचारलं. एका माणसानं जाणूनबुजून दुसऱ्याचं औषध थांबवलं, तर तो भोग कुणाचा? ते बराच वेळ पोथीच्या पानाचा कोपरा सरळ करत बसले. मग म्हणाले, "गुरुजी, हा प्रश्न तुम्ही शास्त्राला विचारत नाही आहात."

अंगारा

बायको महिन्यातून एकदा यायची. मेढ्याहून सातारा, साताऱ्याहून सांगली, दिवस मोडायचा. तिसऱ्या महिन्यात आली तेव्हा कपाळाला लावायला देवीचा अंगारा घेऊन आली, आणि नवस बोलल्याचं सांगितलं. मी बरा होऊन आलो की देवळाला लोटांगण घालेन, गावजेवण देईन, आणि सगळ्यांसमोर आईनं राखलं म्हणून सांगेन. माझ्या वतीनं ती बोलून बसली होती.

मी लावून घेणार नाही म्हणालो. ती एकदम रडली नाही, ती तशी बाई नाही. तिनं पुडी पुन्हा कमरेला खोचली आणि म्हणाली, "तुमचा देव गेला असंल तर जाऊ द्या. माझा कशाला न्हेताय?"

 माझ्या आजारपणात तिनं विश्वास धरला तो स्वतःच्या सोयीसाठी नव्हता. ती पहाटे भाकरी थापून, दोन गाड्या बदलून, डुलक्या खात येत होती ती त्याच्याच जोरावर. मी पुडी मागून घेतली आणि उशीखाली ठेवली. कपाळाला लावली नाही. यावर आमचं दोघांचं भागलं.

जाताना दारात उभी राहून तिनं सांगितलं, हौसा खोकते आहे. दोन महिने झाले.

डॉक्टरांना सांगितलं

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर फेरीला आले तेव्हा मी उठून उभा राहिलो आणि भावाचं सांगितलं. कौलाचं नाही, फक्त भावाला होता, मी लपवलं आणि आता त्याची बायको खोकते आहे, एवढंच. त्यांनी हातातला कागद खाली ठेवला. त्यांचा आवाज चढला नाही, पण अख्ख्या वॉर्डाला ऐकू गेलं.

"तुम्ही शाळेत शिकवता ना? मग त्या बाईला तीन महिने मागं कुणी ढकललं ते पाटीवर लिहून काढा."

मी त्याच दिवशी कार्ड टाकलं, हौसाला ताबडतोब पाठवा. आठवड्यानं उत्तर आलं, शेजारच्या पोरीच्या अक्षरात बायकोनं लिहवून घेतलेलं. हौसा यायला तयार नाही. ती म्हणते, आईनं या घराला सांगली नको म्हणून एकदा सांगितलं आहे. धन्यांनी ते ऐकलं, आता मी मोडू का? भावजी बरे होऊन आले की त्यांच्या हातचा कौल घेईन. आई हो म्हणाली तरच.

ते कार्ड मी किती वेळा वाचलं असेल. मी माघात एका माणसापुरती एक लबाडी केली होती. ती आता घराचं शास्त्र झाली होती. या घराला सांगली नको. असंच उभं राहत असेल का सगळं, असा प्रश्न मला तेव्हा पडला. कुणीतरी कधीतरी स्वतःच्या सोयीनं अंगठा दाबला असेल, आणि मागची माणसं प्रामाणिकपणे त्यावर मरत आली असतील.

हवालदाराचा सल्ला

त्या दिवशी व्हरांड्यात मी त्या दोघांना सगळं सांगितलं. पाकळी, पाणी, अंगठा, शिरवळचं स्थळ. आयुष्यात पहिल्यांदा तोंडातून बाहेर पडलं. नानांनी डोळे मिटून घेतले. हवालदारानं बिडी नसताना बिडी धरल्यासारखी बोटं तोंडाशी नेली.

मग तो म्हणाला, यात अवघड काय आहे? बरा झालास की घरी जा, कौल लाव, आणि या खेपेला उजवा दे. एका लबाडीनं माणूस गेलं, दुसरीनं वाचव.

मला वाटलं नाना आडवे येतील. ते म्हणाले, जीव वाचवायला असत्य बोलण्याची मुभा आहे. आपद्धर्म आहे तो. शास्त्रही माझ्या अंगठ्याच्या बाजूला उभं राहिलं.

मी नाही म्हणालो. औषध दीड वर्ष घ्यायचं असतं. दोन महिन्यांत खोकला थांबला की ती पुन्हा विचारेल, आई, आता गोळ्या सोडू का? दर खेपेला मी हजर असेन कशावरून? माझ्यामागं चुलतभाऊ बसेल, त्याचा अंगठा कुणाच्या सोयीनं पडेल? किसनला ज्या दोरीनं बांधलं तीच दोरी तिच्या कमरेला बांधून मी तिला दवाखान्यात नेणार नाही.

हवालदार माझ्याकडं रोखून बघत राहिला. म्हणाला, "मास्तर, खरं सांग गड्या. तुला त्या बाईला वाचवायचंय का सोताला धुऊन घ्यायचंय? तू तिथं खरं बोललास आन ती रुसून घरात बसली, तर मेली ना ती. तुझं मन तेवढं स्वच्छ."

त्याचं म्हणणं चूक नव्हतं. ती भीती पुढचे दोन महिने मला सुईपेक्षा जास्त टोचत राहिली. मी तिला बायकोमार्फत आणखी तीन कार्डं टाकली. उत्तर एकच, भावजींच्या हातचा कौल.

मंगळवार

पाचव्या महिन्यात थुंकी स्वच्छ आली. पुढच्या गोळ्या बांधून देऊन डॉक्टरांनी घरी सोडलं आणि बजावलं, की आठवड्यात ती बाई इथं दिसली पाहिजे.

मी सोमवारी पोचलो. मंगळवारी सकाळी देवळात गेलो. मास्तर बरा होऊन आला म्हणून पंधरावीस माणसं जमली होती. नवसाचं लोटांगण बघायला आली होती म्हणा ना. चुलतभावानं पूजा करून ठेवली होती. हौसा दाराच्या कडेला, पूर्वी जिथं उभी होती तिथंच. गळ्याची हाडं वर आलेली.

मी दोन पाकळ्या भिजवल्या आणि चिकटवल्या. मागं वळून म्हणालो, आता डावी पडेल. डावी पडली. पुन्हा लावल्या. म्हणालो, आता उजवी. उजवी पडली. तिसऱ्यांदा म्हणालो, आता कुठलीच पडणार नाही, बसा तुम्ही. सगळे बसले. कुठलीच पडली नाही. कुणीतरी "मास्तर, हे काय चाललंय," म्हणालं.

मग मी माघातल्या मंगळवारचं सांगितलं. शालनचं स्थळ धरून सगळं सांगितलं. बायको खांबाशी होती. तिला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिनं पदर तोंडात धरला. चुलतभाऊ ओरडला, की दवाखान्यात जाऊन याचं डोकं फिरलंय, बाहेर काढा याला. मी म्हणालो, काढा, पण आधी ही बाई सांगलीला गेली पाहिजे. मी आईच्या नावानं सांगत नाही. डॉक्टरनं सांगितलंय आणि मी स्वतः बरा होऊन आलोय, म्हणून सांगतो.

हौसानं पदर मागं घेतला. लग्न होऊन आल्यापासूनच्या सोळा वर्षांत तिनं माझ्याकडं पहिल्यांदा सरळ पाहिलं.

"भावजी, आमच्या धन्यास्नी ठावं हुतं?"

"नाही."

 ती चालत आली आणि गाभाऱ्याचा उंबरा ओलांडून आत गेली. आमच्याकडं बाईनं आत जायची रीत नाही. चुलतभाऊ आडवा झाला, पण ती त्याच्या अंगावर खोकली तसा तो बाजूला झाला. तिनं परातीतल्या दोन पाकळ्या उचलल्या, भिजवल्या आणि देवीच्या खांद्यांना लावल्या. तिच्या हाताला ते काम माहीत नव्हतं. दोन्ही सारख्याच लावल्या, मी नीट पाहिलं. गाऱ्हाणं तिनं मोठ्यानं घातलं नाही.

 मी आयुष्यभर त्या पाकळ्या नाचवल्या, आणि त्या वेळी उजवी पडावी म्हणून मी मनातून विनवत होतो. प्रार्थनाच म्हणा. खोटं कशाला बोलू.

डावी पडली.

चुलतभाऊ म्हणाला, बघा. लोकांत कुजबुज झाली. मी खालीच बसलो. हवालदाराचे शब्द खरे होणार असं मला दिसायला लागलं.

हौसानं खाली पडलेली पाकळी उचलून देवीच्या पायांवर ठेवली. तिथंच डोकं टेकलं. उठून उंबऱ्याबाहेर आली आणि माझ्या बायकोला म्हणाली, "अक्का, साताऱ्याची गाडी कितीला हाय?"

बायकोला आधी कळलंच नाही. हौसानं पुन्हा विचारलं.

त्या दोघी नवाच्या गाडीनं गेल्या. मी बरोबर निघालो तर हौसानं नुसता हात आडवा केला. मी थांबलो.

नंतर

देवळाची पूजा आता चुलतभावाकडं आहे. लोक कौल लावतात, मला रस्त्यात बघून काहीजण वाट बदलतात. शालनच्या सासरी सगळं कळलं. त्यांनी दोन वर्षं तिला माहेरी पाठवलं नाही, आता पाठवतात. बायकोनं लोटांगण माझ्याऐवजी स्वतः घातलं. मी कडेला उभा राहिलो, तिला उठताना हात दिला. माझ्या मनात देव आहे की नाही, असं कुणी विचारलं तर मी सांगतो, ठाऊक नाही. पण न तपासलेल्या गोष्टीवर दुसऱ्याचा जीव टांगायचा हक्क कुणालाही नाही, देवळातल्याला नाही आणि पोथीतल्याला नाही. यावर मला वाळीत टाकायचं असेल तर टाका.

हौसानं अठरा महिने गोळ्या घेतल्या. एक दिवस चुकवला नाही. आता शेतात जाते, ओझं उचलते. मंगळवारी देवळातही जाते, माझ्या दारावरून.

डावा कौल पडला असताना ती गेली कशी, हे जाणून घेतल्याशिवाय मला राहवेना. मी बायकोला विचारायला लावलं. तिनं विचारलं आणि येऊन मला जसंच्या तसं सांगितलं:

"इचारायचं काम माजं, सांगायचं काम आईचं. ऐकायचं का न्हाई, ते बी माजंच हाय."

माझ्याशी हौसा अजून बोलत नाही.